ज्याचं त्याचं मीठ

गव्हाच्या कापणीला सतरा माणसं आली होती आणि धाकटीच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. पहाटे उठून तिनं गोठा झाडला होता, धारा काढल्या होत्या, सासूला आंघोळ घातली होती, पाटीभर कांदे-बटाटे चिरले होते. आता शेताच्या कडेला झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून ती धुराशी भांडत बसली होती. लाकूड ओलं होतं. ते नवऱ्यानं आणलं होतं, आणि नवऱ्यानं आणलेलं लाकूड कोरडं निघेल ही आशा तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडली होती.

ऊन चढत होतं. गहू पार वाळून गेला होता, हात लावला की ओंब्या खुळखुळत होत्या. अजून दोन दिवस गेले असते तर दाणे जमिनीत झडले असते, म्हणून सगळं काम एका दिवसात उरकायचं होतं. ही सतरा माणसं मजुरीची नव्हती, सावडीची होती. आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या, असा हिशेब. हातावर पैसा कुणी ठेवत नाही आणि कुणी मागतही नाही. फक्त दुपारचं जेवण शेतवाल्यानं घालायचं, आणि ते पोटभर नि चवीचं असलं पाहिजे. जेवण बिघडलं तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही. पुढच्या वर्षी सतराची नऊ होतात, एवढंच.

मागच्या वर्षापर्यंत धाकटीला याची काळजी कधी करावी लागली नव्हती, कारण अक्का होती. अक्का म्हणजे तिची मोठी जाऊ, थोरल्या दिराची बायको. बावीस वर्षं दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला. निवडणं, चिरणं, वाटणं, जाळ सांभाळणं धाकटीकडे, आणि मीठ अक्काकडे. हे काही कुणी बसून ठरवलं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरात धाकटीला दिवस गेले आणि तिच्या तोंडाची चवच गेली. एकदा कालवण खारट व्हायचं, एकदा अळणी. तेव्हा अक्का म्हणाली, "तू मिठाला हात लावू नकोस, मी बघते." मुलगा झाला, मोठा झाला, शिकून नोकरीला लांब गेला, तरी मीठ अक्काकडेच राहिलं. चूल फुंकून झाली की धाकटी बाजूला सरायची, अक्का यायची, मीठ टाकायची, पळी फिरवायची आणि जायची. चव बघायची नाही. गावातल्या बाया म्हणायच्या की हिच्या हातालाच जीभ आहे.

पावसाळ्याच्या शेवटी चार दिवसांच्या तापानं अक्का गेली. त्याला आता पाच महिने होत आले.

त्यानंतर धाकटीच्यानं भांड्यात मीठ टाकवेना. हात बरणीत जायचा आणि तिथंच थांबायचा. आपण मीठ टाकलं की अक्का आता येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी तिच्या मनात यायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ऐकणाऱ्यानं तिलाच वेड्यात काढलं असतं. म्हणून तिनं एक युक्ती केली. जेवायच्या वेळी मिठाची बरणी मधोमध ठेवायची, ज्याला जेवढं लागेल त्यानं तेवढं घ्यावं. विचारलंच कुणी, तर प्रत्येकाची चव वेगळी असते, असं सांगून मोकळी व्हायची.

घराला त्याची सवयही झाली. सासूला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, ती चाचपडत मीठ घ्यायची आणि अर्धं मांडीवर सांडायची. नवरा समोर येईल ते गिळायचा. त्याला दगड शिजवून वाढले असते तरी त्यानं पाणी पिऊन ते घशाखाली ढकलले असते. थोरला मात्र पहिल्या दिवशी बरणीकडे बघत बसला. चार दिवसांनी आपलं ताट उचलून तो गोठ्यात जाऊन जेवायला लागला. गुरांकडे लक्ष ठेवतो म्हणाला. दावणीला बांधलेल्या गुरांकडे कसलं लक्ष ठेवायचं होतं, हे त्याला विचारायची कुणाची छाती झाली नाही. धाकटी रोज दोन वेळा गोठ्याच्या दारात ताट ठेवायची आणि तो रिकामं करून तिथंच परत ठेवायचा.

असे दिवस चालले होते. मग आठ दिवसांपूर्वी थोरला अंगणात उभा राहून भावाला म्हणाला, कापणी झाली की शेताचे दोन भाग करू. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला लागून एक स्वयंपाकघर बांधतो आणि तिकडेच राहतो. धाकटी धुण्याची बादली घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे न बघता थोरला पुढे बोलला.

"आता या घरात मीठ ज्याचं त्याचं झालंय. मग चूल एक ठेवून काय करायचं?"

बोलून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला जाऊन भेटला, विटाही सांगून आला. धाकटीनं नवऱ्याला सांगितलं की दादांशी बोला, तर तो म्हणाला, दादा बोलला म्हणजे बोलला. तो म्हणाला ते खरंच होतं. थोरला महिन्यात जेमतेम दहा वाक्यं बोलायचा, पण त्यातलं एकही मागे घ्यायचा नाही.

धाकटीनं स्वतःला सोडून दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही. आपल्या हातून हे झालंय हे तिला कळत होतं. अक्का गेली तेव्हा घरातलं एक माणूस गेलं होतं. आता थोरला गेला असता तर घरच उरलं नसतं. म्हातारीला चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे करावं लागलं असतं, आणि त्या स्वयंपाकघरात, जिथं दोघींनी बावीस वर्षं एकमेकींच्या पायात पाय घातले, तिथं ती एकटी उरली असती. तिला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

म्हणून तिनं मनाशी ठरवलं होतं. कापणीच्या दिवशी थोरल्याला सगळ्यांबरोबर ओळीत बसावंच लागणार. वीस-एकवीस माणसांत बरणी फिरवता येत नाही. तेव्हा आज भांड्यात मीठ पडलं पाहिजे, आणि ते नीट पडलं पाहिजे.

कालवणाला उकळी आली तशी ती बरणी घेऊन उभी राहिली. सासू शेजारी गोणपाटावर बसली होती. एवढ्या माणसांना किती टाकू, म्हणून धाकटीनं तिला विचारलं. सासू म्हणाली, मला काय विचारतेस बाई, माझी जीभ तर तीन वर्षांपूर्वीच वारली, आणि अक्कानं कधी मोजून टाकलंय का? हे काही उत्तर नव्हतं. धाकटीनं डोळे मिटले, एक मूठ टाकली आणि पळी फिरवली. चव बघायला गेली तर धुरानं नि जागरणानं तोंड असं कडू झालं होतं की खारट की अळणी काही कळेना. तिनं अजून अर्धी मूठ टाकली आणि बरणी पटकन खाली ठेवली, विचार बदलायच्या आत.

रडू आलं नाही. तिला वाटलं होतं येईल, पण पलीकडून पाण्यासाठी हाका आल्या आणि ती घागर उचलून निघाली.

कापणीची रांग शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. पाणी पाजून ती परत आली तेव्हा नवरा चुलीजवळून घाईनं दूर होत होता. जाळ बघायला आलो होतो, म्हणाला. बावीस वर्षांत त्यानं जाळ कधी बघितला नव्हता, पण त्यावर विचार करण्याइतकी ताकद धाकटीत नव्हती. भात वेळून पेज काढायची होती, गाडीतून ताटं काढायची होती. ताटं घेऊन ती वळली तर सासू पळी हातात धरून बसलेली, आणि झाडाच्या बुंध्याशी थोरला विळ्याला धार लावायचा दगड शोधत असलेला. त्याला दगड मिळाला, तो गेला. धाकटीनं भांड्यावर झाकण ठेवलं.

सूर्य डोक्यावर आला तशी माणसं हातपाय धुऊन सावलीत दोन ओळींत बसली. शर्ट पाठीला चिकटलेले, केसांत गव्हाची कुसं अडकलेली. थोरला कडेला बसला, त्याच्या शेजारी गवंडी. समोर गाडीवान आणि शिंपीणबाई. गाडीवान गावातला सर्वांत बोलका माणूस. त्याचे बैल त्याचं ऐकून ऐकून बहिरे झालेत असं लोक म्हणायचे. तो आपल्या मेव्हण्याची कसलीशी गोष्ट सांगत होता आणि सांगता सांगता त्यानं भात कालवून घास तोंडात घातला.

तो गप्प झाला. बोलता बोलता गप्प झालेला गाडीवान आजवर कुणी पाहिला नव्हता. मग शिंपीणबाई चावायची थांबली, मग गवंडी. सतरा माणसं खाली मान घालून हळूहळू जेवू लागली, आणि सगळ्यांचे हात एकदमच पाण्याच्या तांब्याकडे गेले.

धाकटीनं पळीतला रस्सा जिभेला लावला. कडू वाटावं इतका खारट होता तो. दीड मुठीनं एवढं कसं झालं हे तिला कळेना. एवढंच कळलं की जे वाचवायला उभी राहिले होते ते आपल्याच हातानं बुडवलं. थोरल्यानं अजून घास घेतला नव्हता. त्यानं भात कालवला, तोंडात घातला आणि चावत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीच समजेना.

गप्प बसणं आता शक्य नव्हतं. धाकटी पळी घेऊन दोन ओळींच्या मधे उभी राहिली.

"कालवणात मीठ जास्त झालंय," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं. भात पुष्कळ आहे, भात जास्त घ्या."

कुणी वर बघेना. तेवढ्यात ओळीतून तिचा नवरा घसा साफ करत म्हणाला, "तिच्या हातून नाही. मी टाकलं."

"तुम्ही? कधी?"

"जाळ बघायला आलो तेव्हा. तू टाकणार नाहीस असं वाटलं. एवढ्या माणसांत अळणी वाढायची वेळ यायची, म्हणून एक मूठ टाकली."

झाडाखालून सासूचा आवाज आला. "अरे, मग मी टाकलं ते कशात पडलं? मला वाटलं, बरणीचं झाकण वाजलं नाही, म्हणजे हिनं टाकलंच नाही."

गाडीवानाला कंठ फुटला. आधी सांगायचं, तो म्हणाला, आम्ही सतरा जण येता येता एकेक चिमूट टाकून आलो असतो, तेवढीच घराला मदत. कुणीतरी फसकन हसलं, गवंड्याला ठसका लागला, आणि दोन्ही ओळी हसायला लागल्या. थकलेली माणसं हसायला लागली की लवकर थांबत नाहीत. शिंपीणबाईनं पदरानं डोळे पुसले. हसण्याच्या भरात ती बोलून गेली, याच झाडाखाली अक्कानं एकदा काय केलं होतं आठवतं का? ऐन जेवणाच्या वेळी कुत्र्यानं कालवणाचं भांडं लवंडलं होतं, सगळं मातीत गेलं. तर अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, आज कालवण कुत्र्याला जेवायला घातलंय, तुम्ही कांद्यावर भागवा. आणि सगळ्यांनी भात आणि कांदा असा खाल्ला होता की विचारू नका.

सगळ्यांना आठवलं. कुणी म्हणालं कांदे गोड होते त्या वर्षी, कुणी म्हणालं कांदे कसले, अक्का वाढत होती म्हणून गोड लागले. आणि मग एकेक जण गप्प होत गेला. पाच महिन्यांत अक्काचं नाव थोरल्यासमोर कुणी काढलं नव्हतं. घरातही नाही, गावातही नाही. सगळे हळूच त्याच्याकडे बघू लागले. शिंपीणबाईनं तर जीभ चावली.

थोरल्यानं घास गिळला, पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला.

"कुत्रं नव्हतं ते," तो म्हणाला. "मी होतो. माझा पाय लागला भांड्याला. तिनं कुत्र्याचं नाव घेतलं."

थोरला हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसलेही नाहीत. घरी गेल्यावर मला म्हणाली, त्यानं पुढे सांगितलं, गावातल्या एका कुत्र्याची माझ्यामुळे उगाच बदनामी झाली, आता रोज त्याला माझ्या ताटातला घास घालायचा. आणि खरंच वर्षभर घालायला लावला. तो बोलत राहिला. महिन्याची दहा वाक्यं त्यानं एका बैठकीत संपवली. बायका उघड रडत होत्या आणि जेवतही होत्या. पळी हातात धरून उभ्या असलेल्या धाकटीलाही आता रडू आलं.

मग थोरला तिच्याकडे वळला. "आणि या कालवणात एक मूठ माझीही आहे," तो म्हणाला. "दगड घ्यायला आलो तेव्हा टाकली. म्हटलं अळणी वाढलं तर लोक काय म्हणतील आपल्या घराला."

आपल्या घराला, असं तो म्हणाला. ते इतर कुणाच्या लक्षातही आलं नसेल. गाडीवान तर चौघांच्या मुठींचा हिशेब बोटांवर करण्यात गुंतला होता. धाकटीनं ऐकलं आणि ती भात आणायच्या निमित्तानं झाडामागे गेली. परत आली तेव्हा गवंडी थोरल्याला विचारत होता, परवा विटा घेऊन येऊ ना मग? गवंडी माणूस कामाचा, पण त्याला वेळेचं भान नव्हतं. थोरला म्हणाला, विटांचं राहू दे, आधी पाणी आण, घसा जळतोय. लोक पुन्हा हसले, आणि विटांचं बोलणं तिथंच अर्धवट राहिलं. त्याच्या मनात काय आहे ते धाकटीला कळलं नाही.

दुपारनंतरचं काम रडतखडत झालं. दर अर्ध्या तासानं कुणीतरी विळा टाकून पाण्याकडे धावत होतं. विहीर शेताच्या दुसऱ्या अंगाला, आणि घागरी दोनच. तीन वेळा थोरला स्वतः पाणी भरायला गेला, चौथ्या वेळेला भावाला पाठवलं. तरी सूर्य बुडेपर्यंत शेवटची पेंढी बांधून झाली. जाताना गाडीवान म्हणाला, पुढच्या वर्षी येतो, पण घागर घरूनच घेऊन येतो. धाकटीला ते ऐकून बरं वाटलं. येतो म्हणाला हेच पुष्कळ होतं.

घरी आल्यावर तिला वाटत होतं, तिथंच ओट्यावर आडवं व्हावं. पण चार माणसांची पोटं होती. उरलेलं कालवण तिनं मोठ्या पातेल्यात ओतलं, त्यात दोन तांबे पाणी घातलं, चार बटाटे चिरून टाकले आणि चुलीवर ठेवलं. कंबर इतकी दुखत होती की वाकलं की सरळ होता येत नव्हतं. चारपैकी एक ताट तिनं गोठ्यात न्यायला वेगळं काढलं, सवयीनं.

बाहेर पाय धुतल्याचा आवाज आला आणि थोरला आत आला. भिंतीला पाठ लावून आपल्या जुन्या जागेवर बसला. सासूनं चाहूल घेत विचारलं, कोण आहे? तो म्हणाला, मी आहे. ती म्हणाली, मग बस की, विचारतोस काय? त्यानं काहीच विचारलं नव्हतं.

धाकटीनं वाढलं. थोरल्यानं ताट पुढे ओढलं.

"उद्यापासून मीठ तू टाक," तो म्हणाला. "एकटीनं."

"टाकते," ती म्हणाली. तिचा जीव इतका थकला होता की भीड वाटायलाही जी ताकद लागते, ती उरली नव्हती. "पण दादा, इथून पुढे ताट गोठ्यात आणून देणार नाही मी. माझी कंबर मोडलीय."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. मोठ्या दिराशी ती असं कधी बोलली नव्हती.

"गोठ्यात डास फार झालेत," थोरला म्हणाला, आणि जेवायला लागला. मग मान वर न करता भावाला म्हणाला की गवंडी परवा येईल. मोटारीच्या खोलीकडे नको, गोठ्याची मागची भिंत पडायला आलीय, ती बांधून घेऊ. भाऊ बरं म्हणाला. बटाटे अर्धे कच्चे होते, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे शिंपीणबाईच्या शेतात कापणीला गेले. संध्याकाळी घरी आल्यावर धाकटीनं चूल पेटवली, कालवण उकळल्यावर बरणी घेतली आणि कालचा धसका घेऊन अगदी बेतानं मीठ टाकलं. बाजूला सरून जिला जागा करून द्यायची, ती अक्का आता नव्हती. कालवण अळणी झालं. चौघांनीही ते तसंच खाल्लं.